धाकट्या मामाची चौपाटी

माझ्या धाकट्या मामाने भूम तालुक्यात समुद्रकिनारा काढला होता, असं मी सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग विषय बदलतात. त्यांचं बरोबर आहे. आमच्या भागातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. पण मामाला समुद्राशिवाय करमत नव्हतं आणि समुद्र काही आमच्याकडे येणार नव्हता. तेव्हा जे हातातलं होतं ते मामाने केलं.

निजाम गेला, मग काही वर्षांनी आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला. मामा म्हणाला, "अख्खा मुलूख मुंबईला गेला, मग मी एकट्यानं इथं बसून काय करू?" आणि तोही मुंबईला गेला. तिथे चौपाटीजवळच्या एका हॉटेलात त्याला काम मिळालं. पाच वर्षं त्याने कपबशा उचलल्या आणि येता-जाता समुद्र बघितला. वर्षातून एकदा सणाला यायचा, चार दिवस राहायचा आणि जाताना रडवेला व्हायचा. मामी रडायची नाही. ती मामा गेल्यावर घर सारवायला काढायची. सगळं घर, परसासकट.

मग आमच्या गावच्या ओढ्यावर सरकारने तलाव बांधला. पाणी थेट मामांच्या एका शेताच्या बांधाला येऊन टेकलं. त्या वर्षी मामा सणाला आला, तळ्याकाठी उभा राहिला, आणि परत गेलाच नाही. थोरल्या मामांना वाटलं, भावाला शेताची ओढ लागली. ते खूश झाले. म्हणाले, "त्यो तळ्याकडचा तुकडा तुझ्याकडं. पेर काय पेरायचं ते."

मामाने वाळू पेरली.

गाड्यांमागून गाड्या वाळू आणली आणि काळ्याभोर जमिनीवर पसरली. वर पाचटाने शाकारलेल्या खोपटांची रांग उभी केली. कापडाच्या आरामखुर्च्या बार्शीहून आणल्या. रस्त्याच्या तोंडाला पाटी लावली: 'आधुनिक चौपाटी व विश्रामस्थान'. आधुनिक कशाला, असं कुणी विचारलं तर मामा त्याला हाताला धरून मागच्या बाजूला नेई. तिथे सिमेंटची खोली होती, आणि खोलीत खुर्चीसारखं बसायचं पांढरंशुभ्र संडासाचं भांडं होतं. आमच्या पंचक्रोशीत तसलं भांडं कुणी बघितलेलं नव्हतं. पार ईट गावाकडून माणसं गाड्या जुंपून यायची. चपला बाहेर काढून आत जायची, भोवती फिरायची, एखादा हात लावून बघायचा. एका म्हातारीने त्याला हळदकुंकू वाहिलं. चौपाटीचं पहिलं प्रेक्षणीय स्थळ ते.

पण राहायला म्हणून कुणी आलं नाही.

थोरले मामा संध्याकाळी रानातून येताना बैल थांबवून त्या वाळूकडे बघायचे. "तळ्याकाठी वाळू टाकून समिंदर व्हतो व्हय रं? मग आमी येड्यागत इतकी वरसं जवारी कामून पेरतोय?" त्यांचा राग खरा होता. ती जमीन चांगली होती. शेवटी त्यांनी सांगून टाकलं: रब्बीच्या पेरणीपर्यंत वाट बघायची. तोवर एखादा पाहुणा आला, राहिला आणि खुशीत गेला, तर ठीक. नाहीतर वाळू उपसायची, तिफण घालायची आणि धाकट्याने आपल्या वाटेने मुंबईला जायचं, कारण त्याला शेतीत रस नाही हे दिसतंच आहे.

मामा म्हणाला, "चालंल."

मी तेव्हा आजोळीच होते. नुकतीच मॅट्रिक पास झाले होते आणि मला पुढे शिकवायचं की उजवायचं याचा आमच्या घरात निकाल लागेपर्यंत मला तिकडे ठेवून दिलं होतं. त्यामुळे हे बोलणं झालं तेव्हा मी स्वयंपाकघरात मामीशेजारी बसले होते. मामीच्या हातात भाकरी होती. ती तिने थापायची थांबवली, ओसरीकडे कान देऊन ऐकलं, आणि मग ती भाकरी इतकी थापली की परातीतून उचलता येईना.

मामीचं मला फार वाईट वाटायचं आणि तिचा रागही यायचा. पाच वर्षं नवऱ्याशिवाय काढली, पण एक अक्षर तोंडातून नाही. थोरल्या दिरासमोर तर ती उभीसुद्धा राहायची नाही. त्यांची चाहूल लागली की दाराआड. त्यांना पाणी हवं असेल तर ते ओसरीतल्या खांबाला सांगत, "पानी द्या म्हनावं," आणि मामी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरे. चौपाटीचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. ती वाळू तिच्या स्वयंपाकघरात यायची, पिठात यायची, अंथरुणात यायची. पण वाळू आहे तोवर नवरा घरात आहे, एवढं तिला कळत होतं.

मग मुंबईहून एक पोस्टकार्ड आलं. मामाच्या हॉटेलात रोज संध्याकाळी एक साहेब चहाला यायचे. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले. जुनी देवळं, लेणी, किल्ले यांचं त्यांना वेड. मामा टेबल पुसायचा आणि साहेब त्याला शिलालेख समजावून सांगायचे. मामाने त्यांना आग्रहाचं आमंत्रण धाडलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, पावसाळा ओसरला की सपत्नीक येतो. समुद्रकिनारा आम्हाला रोजचाच आहे, त्याची ओढ नाही. पण तिथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं, ऐतिहासिक, जुनं असं काय काय आहे ते बघून ठेवावं.

मामा गडबडला. समुद्र त्याने केला होता, पण इतिहास कुठून आणायचा? त्याने माझ्याकडे बघितलं. "पोरी, तू मॅट्रिक झालीस. इतिहास व्हता ना तुला?"

"होता. पण त्यात इंग्लंडचे राजे होते."

"राजे तर राजे. चल."

परांड्याचा किल्ला जवळ होता, तो आम्ही धरून टाकला. पण एक किल्ला म्हणजे अर्धा दिवस. उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी आम्ही आजूबाजूची गावं धुंडाळायला निघालो. मामाने मुंबईहून आणलेली साहेबी टोपी घातली, अंगात बुशकोट, आणि माझ्या हातात माहिती टिपायला पेन्सिल. इथेच सगळं चुकलं. आमच्याकडे टोपीवाला माणूस पेन्सिलवाल्याला घेऊन गावात शिरला आणि "हे किती जुनं आहे?" असं विचारू लागला, की समजावं काहीतरी जाणार. निजामाच्या वेळी असा माणूस आला की पट्टी बसायची. नवं राज्य आल्यावर आला की कुणाचं इनाम खालसा व्हायचं. त्यामुळे जुनं म्हणून काही आपल्याकडे आहे, हे कबूल करायला एकही गाव तयार नव्हतं.

एका गावात नक्षीची चिरेबंदी बारव होती. पायऱ्यांवर शेवाळ, कमानीतून वड उगवलेला. पाटलांनी तोंडावरची रेष हलू न देता सांगितलं, "ही? ही आत्ताची हाय. आमच्या पुतण्यानं खांदली."

दुसऱ्या गावाबाहेर एक घुमटाची कबर होती. बाजूला बाभळीखाली एक वृद्ध मियाँ बसले होते. त्यांच्याच घराण्याकडे तिची देखभाल होती. मामाने अदबीने विचारलं, ही इमारत पुरानी दिसते. मियाँनी आमच्या टोपीकडे बघितलं, पेन्सिलीकडे बघितलं.

"पुरानी? किसने बोला पुरानी? परसालच बांदे हम."

"पर चाचा, वर पिंपळ उगवलाय."

"वो तो बाबा, जल्दी बडता."

आम्ही सरकारचे नाही म्हणून मामाने शपथा घेतल्या. मियाँनी ते ऐकून घेतलं, नातीला हाक मारून चहा मागवला, बिस्किटं मागवली, आमच्या घरची सगळी खुशाली विचारली. मामाच्या वडलांना ते ओळखत होते. दोघांचे डोळे ओले व्हायची वेळ आली. निघताना मामा म्हणाला, "चाचा, आता तरी सांगा." ते म्हणाले, "बेटे, चाय और पियो. लेकिन पुराना इधर कुछ नै."

त्या दिवशी मी इतकी वैतागले होते की पेन्सिल मोडून टाकली. आख्खा मुलूख जुन्या दगडांनी भरलेला आणि सगळा परसालचा.

संध्याकाळी मी हे मामीला सांगत होते. ती चुलीपुढून म्हणाली, "माझ्या म्हायेरला हाय की. म्हादेवाचं देऊळ. पार काळं पडल्यालं. भिताडावर बाया कोरल्यात. ल्हानपणी आमी त्यांच्या खांद्यावर वल्ल्या गवऱ्या वाळत ठिवायचो."

दुसऱ्याच दिवशी मामा आणि मी जाऊन आलो. गाव तासाभराच्या अंतरावर, देऊळ ओढ्याकाठी. शिखर पडलेलं, पण भिंती उभ्या. आणि काय त्या बाया! एक आरशात बघतेय, एक पायातला काटा काढतेय, एकीच्या मांडीवर लेकरू. काळ्या दगडातल्या, पण आत्ता वळून बोलतील अशा. मला इतिहासातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मामाची सासुरवाडी असल्याने कुणी काही लपवलं नाही. मामीचा भाऊ तिथला नवा सरपंच होता. तो म्हणाला, "दाजी, पावनं खुशाल आणा. गाव तुमचंच हाय."

मामा येताना गाडीत शीळ घालत होता. बेत पक्का झाला: सकाळी देऊळ, दुपारून परांड्याचा किल्ला, दिवेलागणीला परत चौपाटी. नागपंचमीला मामी माहेरी जाऊन आली. परत आली तेव्हा तीही खुशीत होती, कारण नसताना हसायची. मला वाटलं, झोके खेळून आली म्हणून.

पावसाळा सरला आणि साहेब आणि बाई एस.टी.तून उतरले. साहेब उंच, किडकिडीत, गळ्यात दुर्बीण. बाई ठेंगण्या, हसऱ्या आणि सदा भुकेल्या. मामाने त्यांना आरामखुर्च्यांत बसवलं. मामीने भेळ केली. चिंच, चुरमुरे, कांदा सगळं होतं, पण तिखट तिने आमच्या हिशेबाने घातलं होतं. साहेबांनी एक घास खाल्ला आणि कळशीभर पाणी प्यायले. मग समुद्रस्नानासाठी ते अर्ध्या चड्डीवर तळ्यात उतरले. नेमकी ती म्हशींची वेळ होती. गावच्या सगळ्या म्हशी रोजच्यासारख्या येऊन पाण्यात बसल्या, साहेबांच्या भोवती, गोल करून. साहेब मधोमध गळ्याएवढ्या पाण्यात उभे आणि म्हशी रवंथ करत त्यांच्याकडे बघताहेत. गुराखी येईपर्यंत त्यांना बाहेर येता आलं नाही. बाई काठावर हसत होत्या. आश्चर्य म्हणजे साहेबही हसले. "चालायचंच," ते म्हणाले, "खरं पाहायचं ते उद्या."

थोरले मामा बांधावर उभे राहून सगळं बघत होते. पेरणी तोंडावर आली होती. हे पाहुणे खुशीत गेले तर गेले, नाहीतर मामाची ट्रंक भरायची, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मामीने त्या दिवशी उपास धरला.

सकाळी लवकर गाडी जुंपली. मामा हाकायला, साहेब आणि बाई मध्ये, मागे मी आणि मामी. मामीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. साहेब वाटभर मला यादवांचा काळ समजावत होते. दगडावर काळाचा जो रंग चढतो ना, ते म्हणाले, तो कुणालाही करता येत नाही, त्याला शतकं लागतात. मी मान डोलावत होते. मामा दर थोड्या वेळाने वळून बघत होता, साहेब खूश आहेत का म्हणून.

ओढ्याचं वळण आलं आणि बैल एकदम बिचकले.

समोर काहीतरी उन्हात लखलखत होतं. इतकं पांढरं, की डोळ्यांवर हात धरावा लागला. मला आधी वाटलं, कुणी नवीन शाळा बांधली. मग वाजंत्री सुरू झाली, मामीचा भाऊ फेटा बांधून पुढे आला, मागे सगळं गाव, आणि मला दिसलं की ते देऊळ आहे.

आख्ख्या देवळाला चुना दिला होता. चुन्यात नीळ जास्त झाली होती, त्यामुळे ते अंमळ निळसरही होतं. खाली बैलांच्या गोठ्याला देतात तसा कावेचा तांबडा पट्टा. दारावरच्या कोरीव गणपतीच्या डोक्यावर 'सुस्वागतम्'. पण हे काहीच नव्हतं. त्या सगळ्या बायांना चोळ्या घातल्या होत्या. तैलरंगाच्या, हिरव्यागार, तांबड्या काठाच्या. आरशात बघणारीला टिकली आणि नथ. काटा काढणारीला पिवळं लुगडं, पार घोट्यापर्यंत. मृदंग वाजवणारा एक गंधर्व होता, त्याच्या डोक्यावर पुढाऱ्यासारखी पांढरी टोपी रंगवली होती. गाव नव्या राज्यात आलं होतं, तेव्हा गंधर्वालाही आणलं.

साहेब गाडीतून उतरले. भिंतीपाशी गेले. एका दगडी बाईच्या खांद्याला त्यांनी बोट लावलं. बोट हिरवं झालं. अजून ओलं होतं.

"हे," ते म्हणाले, "हे कुणी केलं?"

मामीच्या भावाला वाटलं, कौतुक चाललंय. तो हात जोडून म्हणाला, "समद्या गावानं, साहेब. म्हमईचं पावनं येनार म्हनल्यावर देऊळ तसलं काळंबिंद्रं ठिवायचं व्हय? आक्कानं पंचमीलाच सांगितलं व्हतं, आपल्या गावाची इज्जत ऱ्हाऊ द्या, पावनं खूश झालं पायजेत. चुना समद्यांनी दिला. चोळ्या आमच्या मंडळींनी रंगवल्या. आदी उगड्याच व्हत्या वो सगळ्या. बाईसायबांपुढं बरं दिसलं असतं का ते?"

बाईसाहेबांना हसू फुटलं. साधं नाही, पोट धरून. त्या एका खांबाला टेकल्या, अंगाला चुना लागला, तो बघून आणखी हसल्या, डोळे पुसायला गेल्या तर गालाला नीळ लागली. गावातल्या बायकांना वाटलं, बाई खूश आहेत, त्याही हसायला लागल्या. वाजंत्रीवाल्यांनी जोर केला. साहेब तेवढे पायरीवर बसले होते, हिरवं बोट वर धरून, जणू कुणी ते बोट त्यांच्याकडे सांभाळायला दिलंय.

मला हसू आलं होतं. खोटं कशाला सांगू, दाबता दाबत नव्हतं. मग मी मामीकडे बघितलं. ती अजून साहेबांच्या तोंडाकडे बघत होती, हसतील म्हणून. हळूहळू तिला कळत गेलं. पदराचं टोक तिने तोंडाशी नेलं आणि तिथेच धरलं. मामाही तिच्याकडेच बघत होता. माझं हसू तिथेच गेलं.

न जेवता निघायचा प्रश्नच नव्हता. सरपंचाच्या दारात मांडव घातला होता. पुरणपोळ्या, वर तुपाची धार, कटाची आमटी, कुरडया. बाई मनापासून जेवल्या. साहेब एक शब्द न बोलता जेवले, पण खूप जेवले. माणूस रागात जास्त जेवतो हे मला त्या दिवशी समजलं. वाढणाऱ्या बायका म्हणत होत्या, साहेबांना आवडलं बरं का, आणखी घाला. हात धुताना मामाने विचारलं, "साहेब, आता किल्ल्याकडं निघायचं ना?"

"नको," साहेब म्हणाले. "त्यालाही काहीतरी नेसवलं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने ते गेले. साहेब वाईट नव्हते. राग ओसरला होता, उरलं होतं ते दुःख. मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी चौपाटी चांगली आहे रे. पण बघायला काही राहिलं नाही." थोरले मामा शेजारीच उभे होते. बाईंनी मामीचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "अशी पुरणपोळी मी जन्मात खाल्ली नाही." पण ठरलं होतं ते पुरणपोळीचं नव्हतं.

संध्याकाळी मामा ट्रंक भरून ओसरीवर घेऊन आला. बुशकोट घातला होता. थोरले मामा खांबाला टेकून बसले होते. समोर अंगणात म्हैस बांधलेली. मी दाराच्या आत, माझ्या मागे मामी.

"ठरलं तसं ठरलं," थोरले मामा म्हणाले. "पर मला एक सांग. त्या देवळाचं शानपन कुनाचं?"

मला वाटलं, मामा गप्प बसेल. किंवा सांगून टाकेल. गावभर झालंच होतं.

"माझं," मामा म्हणाला. "म्याच सांगितलं व्हतं."

मग थोरल्या मामांना आवरणं कठीण झालं. अक्कल आहे का, म्हणाले. चांगली काळी रानं वाळूत घातलीस, वर देवाला चुना फासलास. मुंबईच्या माणसाने जुनं बघायला यायचं आणि तू त्याला रंगपंचमी दाखवलीस. जिंदगीत एक काम धड केलंस का? मामा खाली मान घालून ऐकत होता. ते जितके चढत गेले तितकी मामाची मान खाली गेली, आणि माझ्या मागे काहीतरी हललं.

"त्यांनी न्हाय."

आवाज इतका बारीक होता की थोरल्या मामांना वाटलं मी बोलले. त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले.

"त्यांनी न्हाय, भावजी. म्या सांगितलं व्हतं." मामी उंबऱ्यावर आली होती. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. मी तिला थोरल्या मामांच्या पुढ्यात उभी राहिलेली पहिल्यांदाच बघत होते. "मला काय ठावं, त्यांना काळंच बघायचं व्हतं? पावनं खूश झालं तर ह्यांनी जायचं न्हाय, आसं तुमीच म्हनला. म्हून समद्या गावाला राबवलं. पाच वरसं ह्येच झालं. सनाला येतेत, चार दीस ऱ्हातेत, आनि मला त्यांचा चेहरा नीट ध्यानात बसायच्या आत जातेत. मला नगं ती वाळू. जवारी पेरा, न्हायतर काय बी पेरा. मला मानूस घरात पायजे."

थोरल्या मामांना कुठे बघावं ते कळेना. भावजयीकडे बघायची सवय नव्हती आणि भावाकडे बघवत नव्हतं. शेवटी त्यांनी म्हशीकडे बघितलं, आणि घसा खाकरून तिलाच सांगितलं,

"म्हमईला कोन चाललंय? कुनी सांगितलं? उद्या वाळू उपसायची, मंग तिफन घालायची. एवडं रान मला एकट्याला व्हतंय व्हय?" मग जरा थांबून, अजूनही म्हशीलाच, "ट्रंक आत न्या म्हनावं. दव पडंल तिच्यावर."

ते उठले आणि उगाचच म्हशीला वैरण टाकायला गेले. तिच्यापुढे वैरण होतीच.

दुसऱ्या दिवशी सगळं घर वाळू उपसायला तळ्याकाठी गेलं. थोरले मामा एका टोकाला फावडं चालवत होते. दुसऱ्या टोकाला मामा पाट्या भरत होता आणि मामी त्या उचलून बांधापलीकडे नेत होती. जाताना बोलत होती, येताना बोलत होती, मामाने पाटी डोक्यावर चढवताना बोलत होती. मी मधे होते, मला एक शब्द नीट ऐकू आला नाही. मामा नुसता "व्हय", "व्हय" म्हणत होता. पाच वर्षांचं साठलेलं असणार, कारण दिवस मावळला तरी ती थांबली नव्हती.